घरातलं आजारी माणूस सांभाळणाऱ्याच्या हातात द्यावी अशी पुस्तिका

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली काढलेली 'डूइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस' ही सचित्र पुस्तिका संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सोबत व्यायामांच्या ध्वनिफिती आहेत, त्याही फुकट. पुस्तिका कुणा एका आजाराची किंवा एका वर्गाची नाही, ताणाखाली जगणाऱ्या कुणीही वापरावी अशी ती लिहिली आहे. पण माझं मत असं झालंय की तिची सगळ्यात जास्त गरज आहे ती घरातलं आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना, आणि लोकांच्या दारोदारी जाऊन मदत करणाऱ्या स्वयंसेवकांना. आमच्या घरात दोन्ही आहेत. आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे आणि दिवसभर तिच्यापाशी मी असतो. माझी बायको गावची आशा, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्य स्वयंसेविका आहे.

कोरेगाव तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. त्यामुळं मला आईजवळ राहता येतं, हे मोठंच. आणि त्यामुळंच बाहेर पडता येत नाही. मन शांत करायचे जे जे मार्ग लोक सुचवतात, ते सगळे घर सोडायला लावणारे. इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. फी नाही, राहणं-जेवण दानावर चालतं. पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं, मोबाइल जमा करायचा. जाऊन आलेली माणसं मनापासून सांगतात आणि त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे. पण दहा दिवस आईला कुठं ठेवू? स्वतःशी मायेनं वागायला शिकवणारा क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर यांचा अभ्यासक्रम बऱ्याच देशांत चालतो, तो आठ आठवड्यांचा. ठरलेल्या वेळी बसावं लागतं, आणि ठरलेली वेळ हीच तर आमच्याकडं नसते.

या पुस्तिकेचा पहिला गुण हाच, की रोज काही मिनिटं पुरतात असं ती सांगते आणि तो शब्द पाळते. मुलीनं पीडीएफ उतरवून घेतली, झेरॉक्सच्या दुकानात छापून स्पायरल बाइंडिंग करून आणली. मी बीकॉम झालेला, इंग्रजी वाचायची सवय कधीच सुटलेली, तरी कुठं अडलो नाही. मोठं चित्र आणि थोडा मजकूर. डोकं थकलेलं असतानाही पान पुढं सरकतं.

भाग पाच आहेत. पहिल्यात मनात वादळ उठलं की पाय जमिनीवर कसे आणायचे ते सांगितलंय. आत काय चाललंय ते ओळखायचं, श्वास सावकाश सोडायचा, पावलं जमिनीवर दाबायची, मग डोळ्यांना काय दिसतं, कानावर काय येतं, हाताला काय लागतं ते बघायचं, आणि हातातल्या कामाकडं परत यायचं. लिहिलेलं वाचताना हे फार साधं वाटतं. माझ्या दुकानात ते असं चालतं.

दिवस कलायला लागला की आईची घालमेल सुरू होते. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढणं नेहमीचंच. ती तिच्या जुन्या लुगड्यात गाठोडं बांधते. त्यात एखादी साडी, फणी, देवाजवळचा तांब्याचा गडू, कधी दुकानातला काडेपेट्यांचा पुडा. गाठोडं काखेला मारून ती पुढं येते आणि म्हणते, "दादा, चल की. यष्टी निघंल." मी तिचा मुलगा, पण त्या वेळेला तिचा थोरला भाऊ असतो. समोर गिऱ्हाईक, काट्यावर साखर. 'अगं, घर हेच आहे' म्हटलं की ती रडायला लागते. माझे कान तापतात, दात आवळले जातात. हल्ली त्या क्षणी मी दोन्ही पावलं शहाबादी फरशीवर घट्ट दाबतो. साखर पिशवीत ओततो, ओतताना तिचा आवाज ऐकतो, पिशवीला गाठ मारतो. गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मग आईला म्हणतो, "जाऊ या. आधी च्या पिऊन जाऊ." चहा होईपर्यंत बहुतेकदा तिच्या मनातून ते गेलेलं असतं. नाही गेलं तर दुकान बंद करून आम्ही दोघं गाठोडं घेऊन वेशीपर्यंत जाऊन येतो. यानं आईचा आजार हलत नाही. माझा आवाज चढत नाही, एवढंच होतं, आणि तेवढ्यानं आमच्या घरातली संध्याकाळ वेगळी जाते.

दुसरा भाग विचारांचा. पुस्तिका म्हणते, जड विचार आपल्याला गळासारखे अडकवतात. त्यांच्याशी भांडू नका, ते खोटे ठरवत बसू नका. 'माझ्या मनात अमुक विचार आलाय' असं म्हणून त्याला नाव द्या आणि समोरच्या कामाकडं वळा. सांभाळणाऱ्यांच्या मनात एक विचार हमखास येतो, तो कुणी बोलून दाखवत नाही: 'आता ही सुटली तर बरं.' माझ्याही मनात येतो. पाहुणे येतात, प्रेमानं पाठीवर हात ठेवून "श्रावणबाळ आहेस रं" म्हणतात, तेव्हा हा विचार जास्तच टोचतो. पुस्तिकेनं मला एवढं शिकवलं की विचार येणं आणि माणूस तसा असणं या दोन गोष्टी आहेत. तो विचार आलेल्या दिवशीही मी आईची वेणी घालतो, तिची औषधं मोजून देतो. या पुस्तिकेतून मिळालेल्या गोष्टींत मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं.

चौथा भाग स्वतःशी मायेनं वागायचा आहे, आणि केवळ त्यासाठी छापून घ्यावी अशी ही पुस्तिका आहे. व्यायाम असा: एक हात समोर धरायचा, त्यात माया भरली आहे असं मनात आणायचं, आणि शरीरात जिथं दुखतंय, जड झालंय, तिथं तो हळूच ठेवायचा. हाताची ऊब जाणवू द्यायची. दुसऱ्या कुणाला आपण जे चार शब्द बोललो असतो ते स्वतःला बोलायचे. माझा हात मानेवर जातो, आईला उठवून बसवताना तिथंच कळ येते. सुरुवातीला अवघड वाटतं, गावाकडच्या पुरुषमाणसाला तर फारच. पण आपल्याकडं आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानं दमलो म्हणायचं नाही, असा एक न लिहिलेला नियम आहे. तो नियम माणसांना मोडून टाकतो. मी दमलोय आणि माझ्यासारखे गावोगावी लाखो जण दमलेत, हे स्वतःच्या मनात तरी मान्य करायला कुणीतरी सांगावं लागतं. ही पुस्तिका ते सांगते, आणि 'म्हणजे तुम्ही आणखी चांगली सेवा कराल' असा हिशेब मागून लावत नाही. शेवटच्या भागात नको असलेल्या भावनांना जागा करून द्यायला सांगितलंय, आभाळ जसं कुठल्याही हवेला जागा देतं तशी. तो भाग मला बरा वाटला, त्याहून जास्त नाही.

हे सगळं कुणी टेबलावर बसून लिहिलेलं नाही. याच पद्धतीचा पाच सत्रांचा गटवर्ग संघटनेनं बनवला होता, एकेक सत्र दोन तासांचं. ध्वनिफीत लावायची आणि थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसानं वर्ग घ्यायचा, डॉक्टरची गरज नाही. युगांडातल्या छावणीत दक्षिण सुदानमधून आलेल्या ६९४ निर्वासित बायकांबरोबर त्याची चाचणी झाली. मनावरचा ताण लगेच बराच उतरला. तीन महिन्यांनी फरक कमी झाला होता, तरी होता. घरदार गमावलेल्या बायकांना जे उपयोगी पडलं ते आपल्यालाही पडेल, असा भरवसा मला त्यावरून आला.

आता जे पटलं नाही ते. तिसरा भाग जीवनमूल्यांचा. कठीण प्रसंगात तीन वाटा असतात असं त्यात म्हटलंय: प्रसंगातून निघून जाणं, जे बदलता येईल ते बदलून उरलेलं सोसत आपल्या मूल्यांप्रमाणं जगणं, किंवा हात टेकून मूल्यांपासून दूर जाणं. आईला सोडून निघून जाण्याची वाट आम्हाला नाहीच. आणि मूल्य काय विचारलं की आमच्यासारखा माणूस 'आईची सेवा' लिहितो आणि तिथंच थांबतो. तो आधीच त्याच एका मूल्याखाली वाकलेला असतो. सांभाळणाऱ्यांसाठी तिथं एक ओळ हवी होती: दुसरंही काहीतरी लिहा. मी मागाहून 'मुलीशी रोज थोडं बोलणं' लिहिलं. ते माझं मलाच सुचावं लागलं.

आणखी एक उणीव. नेफ-गर्मर यांच्या अभ्यासक्रमात मदत करणाऱ्यांसाठी खास सराव आहे: श्वास आत घेताना स्वतःसाठी माया घ्यायची, सोडताना समोरच्याला द्यायची, आणि मनाशी म्हणायचं की याच्या दुःखाचं कारण मी नाही, ते सगळं दूर करणं माझ्या हातात नाही, तरी जमेल तेवढं करीन. दुसऱ्याचं दुखणं रोज बघणाऱ्यासाठी असं काही या पुस्तिकेत नाही. माझ्या बायकोला मी ते वेगळं सांगितलं. आशा योजना २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली. नाव स्वयंसेविका, मिळतं ते मानधन, आणि बाळंतपणासाठी फोन रात्री केव्हाही येतो. ती म्हणाली, "अहो, दार वाजवायच्या आधी मी उंबऱ्याशी थांबून एक श्वास घेते. घरी आल्यावर आत्यांच्या खोलीत जायच्या आधी पण." तिला इंग्रजी येत नाही. मी रात्री भांडी आवरताना एकेक व्यायाम तिला मराठीत सांगितला, तिनं तो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बैठकीत इतर आशांना सांगितला. मायेच्या हाताचा व्यायाम तिथं सगळ्यांना लगेच जमला, असं ती म्हणते.

झोपेची आणि बदलीच्या माणसाची जागा मात्र कुठलीच पुस्तिका घेऊ शकत नाही. आमच्या चुलत वहिनी दर रविवारी दुपारी आईपाशी येऊन बसतात, ती दुपार मला यातल्या पाचही भागांपेक्षा मोठी आहे. ज्याच्याकडं असं कुणी नाही त्यानं आधी ते माणूस शोधावं, पुस्तिका नंतर उघडावी. घरात डिमेन्शियाच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचाच 'आयसपोर्ट' हा कार्यक्रम जोडीला घ्यावा. त्याच्या पाच विभागांतला तिसरा सांभाळणाऱ्याची स्वतःची काळजी सांगतो, आणि आंघोळ, जेवण, संशय, भटकणं अशा रोजच्या अडचणींचं त्यात जास्त नेमकं मार्गदर्शन आहे. आणि झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर व्यायाम करत बसू नये. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

सगळी पुस्तिका छापायची गरज नाही. पहिला आणि चौथा भाग तेवढे छापून घ्या, आणि ते मोबाइलमध्ये न ठेवता आजाऱ्याच्या औषधांच्या डब्याजवळ ठेवा, कारण तिथं दिवसातून तीनदा हात जातोच.