नळदुर्गचा सप्टेंबर की नाथसागरची थंडी?

नवा कॅमेरा, दोन दिवसांची रजा, मराठवाड्यात फोटो काढायला कधी जाऊ? हे मला लोक मेअखेरीस विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात सह्याद्रीतला पावसाळा असतो. आपल्याकडं जुलैत आभाळ भरून येतं, सोयाबीनवर चार थेंब टाकतं आणि निघून जातं. धबधबे बघायचे तर सप्टेंबरची वाट बघा. आपला भरवशाचा पाऊस बऱ्याचदा तेव्हाच पडतो, धरणंही तेव्हाच भरतात.

सप्टेंबरात माझी पहिली पसंती नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बंधारा बांधलाय, त्याच्या पोटात पाणीमहाल. वरचं धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. नाही सुटलं तर ओली भिंत बघून परत या. म्हणून निघण्याआधी तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन लावायचाच. ढगाळ उजेडात शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, पाणी दुधासारखं उतरतं. फोनमधल्या लाँग एक्स्पोजरनंही भागतं, फक्त हात टेकायला कठडा हवा.

त्रास दोन. एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. माझी पहिली वीस मिनिटं रुमालानं काच पुसण्यात गेली आणि तेवढ्यात पडलेलं ऊन निघूनही गेलं. आता पोचायच्या आधीच एसी बंद करून काचा खाली घेतो. दुसरी काळी माती. बांध सोडून दोन पावलं आत गेलात की बुटाला किलोभर चिखल, आणि ट्रायपॉडच्या पायात तो वाळला तर पाय मिटत नाहीत.

पैठणला सप्टेंबरात गेलात तर जायकवाडीच्या दरवाज्यांपाशी गर्दी, तीही लांबूनच. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, खरा बघावा जानेवारी-फेब्रुवारीत. पाणी ओसरून काठाचा गाळ उघडा पडला की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, चक्रवाक आणि पट्टकादंबही असतात. पण फोनवर काम भागत नाही. फोटोत रोहित म्हणजे गुलाबी ठिपके. ३०० मिमीची लेन्स ही सुरुवात समजा. बाकी थंडी नवख्याला फार सांभाळून घेते. सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे झोपही होते, आणि नऊपर्यंत उजेड तिरपा, मऊ राहतो. सप्टेंबरात उजेड मिळेल की नाही हा जुगार, जानेवारीत तो रोज मिळतो. धुकं पडलं तर पाण्यावरच्या होड्या नुसत्या रेघांसारख्या दिसतात. माझे बरे फोटो त्यातलेच.

रानातही तेव्हाच रंग असतो. ज्वारी कणसात आलेली, मधेच पिवळ्या करडईचा पट्टा. करडईला काटे असतात, फोटोसाठी आत शिरू नका. शेताच्या मालकाला हाक मारा, बहुतेक वेळा तो हुरड्याला बसवूनच सोडतो. त्यात तासभर जातो, हेही धरून चाला.

उन्हाळा मी नवख्याला सुचवत नाही. मेमध्ये पावणेसहाला उजाडतं, आठला उजेड पांढराफटक आणि पुढं दिवसभर धुरकट. दोनच गोष्टींसाठी जा: मार्चच्या तोंडावर किनवट-माहूरकडचा पळस, आणि अमावास्येच्या आसपास आकाशगंगा, तीही गावाच्या दिव्यांपासून लांब. वळवाच्या विजांचे फोटो मोकळ्या माळावर उभं राहून काढायला मात्र जाऊ नका.

फोन असेल तर नळदुर्ग, मोठी लेन्स असेल तर पैठण. मला एकच फेरी करायची असेल तर मी थंडी धरीन, कारण रिकाम्या हातानं परत यावं लागत नाही. आणि माणसांचे फोटो आवडत असतील तर दोन्ही सोडा, मार्गशीर्ष अमावास्येला येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, लातूर-धाराशिवकडं या. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी-आंबील, आणि सगळं गाव रानात. तारीख पंचांगात बघून रजेचा अर्ज लवकर टाका, लातुरात त्या दिवशी ऑफिसात कुणी सापडत नाही.