कुलूपबंद कपाट की वर्गातील पेटी? आठवी ते दहावीच्या वाचनासाठी काय निवडावे

ज्या शाळेत ग्रंथपालाचे पद नाही आणि मराठीच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाकडेच ग्रंथालयाचा प्रभार दिलेला आहे, अशा विदर्भातील गावच्या माध्यमिक शाळेपुढे एक प्रश्न हमखास येतो. असलेली पुस्तके एका खोलीतील कपाटांत नीट लावून आठवड्याच्या तासिकेला द्यावीत, की पत्र्याच्या पेट्यांत भरून थेट वर्गात ठेवावीत? यवतमाळ जिल्ह्यातील कापूसपट्ट्यात मी या दोन्ही पद्धती काही वर्षे चालवल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना त्याचा हिशेब धरता येईल: आठवी-नववीसाठी पेटी आणि दहावीसाठी खोली.

पहिला फरक वेळेचा आहे. ३५ मिनिटांच्या तासिकेत ५० मुलांना पुस्तके द्यायची झाली, तर एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. त्यातच जुने पुस्तक जमा करणे, देवघेव नोंदवहीत सही घेणे आणि नवे पुस्तक निवडणे आले. निवडणे ही गोष्ट या हिशेबात बसत नाही. मूल हाताला येईल ते पुस्तक उचलते, आठवडाभर दप्तरात फिरवते आणि न उघडताच परत करते. पेटी वर्गातच असल्यामुळे मधल्या सुट्टीत तीन पुस्तके चाळून चौथे घेण्याची मुभा मुलाला मिळते, आणि कुमारवयातील वाचन माझ्या अनुभवात या चाळण्यातूनच सुरू होते.

शाळा सुटल्यावर ग्रंथालय तासभर उघडे ठेवावे, असा सल्ला प्रशिक्षणात नेहमी मिळतो. शहरात तो योग्य असेल. आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतील मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने येतात आणि घंटा होताच त्यांना फाटकाबाहेर उभे राहावे लागते, कारण ती बस चुकली तर पाच-सहा किलोमीटर पायी जाण्याखेरीज दुसरी सोय नसते. शाळा सुटल्यानंतरचे ग्रंथालय म्हणजे प्रत्यक्षात गावातील चार-पाच मुलांचे ग्रंथालय, हे मला दोन महिने खोली उघडी ठेवून बसल्यावर कळले.

शेतीच्या हंगामाचा विचारही येथे करावा लागतो. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की हजेरी उतरते, आणि ज्या मुलाची नेमकी तासिकेच्या दिवशी गैरहजेरी पडते, त्याचा पुस्तकाशी संबंध पंधरा-वीस दिवस तुटतो. पेटीतील पुस्तक तो आला त्या दिवशी घेऊ शकतो. एकदा नववीतील एका मुलीने परत केलेल्या पुस्तकात खुणेसाठी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडाचे, वाळलेले पान ठेवलेले होते आणि त्या पानाच्या अलीकडच्या कागदांवर बोटांचे मातकट ठसे होते, पलीकडचे कागद मात्र कोरे होते. ती कुठवर वाचत गेली आणि कुठे थांबली, हे कोणत्याही नोंदवहीपेक्षा मला त्यातून अधिक स्पष्ट समजले. पुस्तक खराब झाले म्हणून तिला बोलायचे मी टाळले, याचे मला आजही समाधान आहे.

आता पेटीची खरी अडचण. पुस्तके हरवतात. पहिल्या वर्षी चार पेट्यांतून अकरा पुस्तके परत आली नाहीत, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली दाखल नोंदवही समोर ठेवून मला जे सुनावले, त्यानंतर मी पेट्या दोन महिने कपाटातच कोंडून ठेवल्या. पुस्तकाची भरपाई आपल्या पगारातून करावी लागेल, ही शिक्षकाच्या मनातील धास्ती हेच कपाटाला कुलूप लागण्याचे मुख्य कारण आहे, मुलांची अनास्था नव्हे. यावर उपाय आहे, पण तो वर्षाच्या आरंभीच करावा लागतो: काही पुस्तके फाटतील वा गहाळ होतील हे गृहीत धरून शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत तसा ठराव घ्यावा, निर्लेखनाची, म्हणजे गेलेली पुस्तके नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची, प्रक्रिया मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावी, आणि प्रत्येक पेटीसाठी एक मुलगा व एक मुलगी असे दोन पेटीप्रमुख नेमून साध्या वहीत नोंद ठेवावी. पुढील वर्षी आमची पुस्तकांची गळती निम्म्यावर आली. खोलीत पुस्तके हरवत नाहीत हे खरे. मात्र काळ्या मातीवरच्या जुन्या इमारतीत उन्हाळाभर बंद राहिलेल्या कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी लागली, तर एका सुट्टीत अकराहून अधिक पुस्तके जातात आणि त्याबद्दल कोणी जाबही विचारत नाही.

खर्चात फारशी तुलना नाही. एका लोखंडी कपाटाच्या पैशांत बाजारातून तीन-चार पेट्या येतात. डांबराच्या गोळ्या दोन्हीकडे लागतातच.

पद्धत ठरली की पुस्तकांची निवडही बदलते, आणि बहुतेक शाळा नेमके येथेच चुकतात. पेटीत पातळ, सुटे वाचता येईल असे साहित्य हवे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे, आणि त्याचे अंक पेटीत सर्वांत आधी झिजतात. मारुती चितमपल्ली यांचे लेखन दुसरे, कारण नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट येथे वनाधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांतून ते आलेले आहे. आपल्याच रानातील पक्षी छापील पानावर भेटतो, तेव्हा एरवी पुस्तकाला हात न लावणारा मुलगाही वाद घालायला पुढे येतो. नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ही पेटीतच ठेवावे. त्यातील शाळेचे ग्रंथालय आगगाडीच्या डब्यात भरते, हे कळल्यावर आमची मुले आपल्या पेटीकडे जरा आदराने पाहू लागली.

कादंबरीपैकी ‘बनगरवाडी’ आधी द्यावी की ‘धग’, असे मला सहकारी विचारतात. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० सालची, आपल्या वऱ्हाडीतील संवादांची, आणि तिचे एक पान मोठ्याने वाचले की वर्गात हमखास कोणीतरी म्हणते, “सर, हे तं आमच्यावानीच बोलतेत!” तरीही तिची नायिका कौतिक हिच्या संसाराची परवड आठवीच्या मुलाला एकट्याने झेपणारी नाही, आणि कादंबरीचा आवाकाही मोठा आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ दूरच्या माणदेशातील असली तरी आटोपशीर आहे, तिचा निवेदक धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर आहे, आणि दुष्काळाने वस्ती ओस पडणे म्हणजे काय, हे आपल्याकडील मुलांना समजावून सांगावे लागत नाही. म्हणून ‘बनगरवाडी’ पेटीत ठेवावी आणि ‘धग’ कपाटात. दहावीच्या मुलाने मागितली, तर ती अवश्य द्यावी, पण परत करताना त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे.

दहावीचे गणित वेगळे आहे. त्या वर्गाला शब्दकोश, नकाशासंग्रह, जुन्या प्रश्नपत्रिका आणि बसायला शांत जागा हवी असते, घरी एकाच खोलीत सहा माणसे राहत असतील तर अधिकच. त्यांच्यासाठी खोली सकाळी शाळा भरण्यापूर्वी उघडावी. त्या वेळी बस आधीच आलेली असते, म्हणून मुलींनाही बसता येते.

एक सूचना निधीविषयी. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान मिळते. आमच्या अनुभवात पैसा हाती येईपर्यंत मार्च उजाडतो आणि मग पुरवठादार आणून टाकेल तो गठ्ठा घेतला जातो, ज्यात सामान्यज्ञानाच्या एकसारख्या दहा पुस्तिका निघतात. पेटी करायची ठरल्यास पुस्तकांची यादी जानेवारीतच मुलांकडून करून घ्यावी. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पेट्या भरायला व पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकायला मार्चनंतर पुरेसा अवधी मिळतो, आणि पहिल्याच आठवड्यात पेटी वर्गात पोहोचते.