दक्षिण श्रीलंकेतील मुक्काम : गॉलच्या किल्ल्यातील घरगुती निवास आणि आसपासचा किनारा

बेळगावच्या माणसाला समुद्रासाठी परदेश गाठण्याची तशी गरज नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा आणि आंबोली उतरली की सावंतवाडी, वेंगुर्ले. त्यामुळे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचे एखादे कुटुंब किनाऱ्यावरच्या सुट्टीसाठी श्रीलंकेला जाते, तेव्हा केवळ वाळू आणि माडांच्या रांगा त्याला पुरत नाहीत. आजी-आजोबा आणि शाळकरी मुले बरोबर असतील, तर दर दोन दिवसांनी सामान बांधून नवे हॉटेल शोधण्यापेक्षा एकाच गावी मुक्काम ठोकून तेथून चहूकडे फिरणे सोयीचे पडते. ते गाव कोणते असावे, हा प्रश्न आम्ही गॉलच्या बाजूने सोडवला आणि माझ्या मते तो योग्य सुटला.

दक्षिण किनाऱ्यावर मुक्कामासाठी साधारणपणे चार-पाच नावे पुढे येतात. गॉलच्या अलीकडे, कोलंबोच्या बाजूला, हिक्काडुवा आहे. तेथे प्रवाळ आणि किनाऱ्यालगत येणारी कासवे पाहता येतात, पण गाव हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबट पसरलेले असल्यामुळे वाहनांची वर्दळ सतत जाणवते. गॉलच्या पलीकडे सुमारे पाच किलोमीटरवर उनवटुना, त्यानंतर कोग्गला, नवशिक्या सर्फरांचे वेलिगामा आणि देवमाशांसाठी प्रसिद्ध असलेले मिरिस्सा. यांपैकी मिरिस्सा सर्वांत देखणे आहे, यात शंका नाही. परंतु संध्याकाळी समुद्रावरून परतल्यावर तरुणांच्या संगीतमय उपाहारगृहांखेरीज तेथे करण्यासारखे फारसे उरत नाही, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ती मोठीच अडचण आहे.

गॉलचे तसे नाही. रेल्वेस्थानक, बसस्थानक, बाजारपेठ आणि किल्ला एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि मधोमध क्रिकेटचे मैदान. किल्ल्याच्या तटावरून कसोटी सामना पाहता येतो, एवढ्यावरच आमच्याकडचे निम्मे प्रवासी मुक्कामाचे गाव ठरवून टाकतील. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे तटबंदी उभारली, 1640 मध्ये डचांनी ती घेतली आणि वाढवली, पुढे 1796 मध्ये ती इंग्रजांकडे गेली. 1988 पासून हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. महत्त्वाचे म्हणजे हा किल्ला ओसाड नाही. आत माणसे राहतात, शाळा भरते, मशिदीतून अजान होते आणि डचांच्या काळातील चर्चही उभे आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तटाबाहेरील बसस्थानक आणि मैदान उद्ध्वस्त झाले, तर जाड तटामुळे आतली वस्ती बऱ्याच अंशी वाचली.

आम्ही राहिलो ते किल्ल्यातील एका आडगल्लीतील घरगुती निवासस्थान होते. पुढे खांबांची ओसरी, आत उघडा चौक आणि चौकाभोवती खोल्या, अशी जुन्या वाड्यासारखी रचना असल्यामुळे घरातील ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी करमू लागले. खोल्या स्वच्छ, छत उंच, पाण्याचा दाब चांगला. यजमानीणबाई सकाळी इडियाप्पम, नारळाच्या दुधातील डाळ आणि ताज्या खोबऱ्याची तिखट चटणी, म्हणजे तेथील पोल सांबोल, असा भरपेट नाश्ता देत. आदल्या रात्री सांगितल्यास साधा भात आणि भाजीही करून देत. उणिवाही सांगायला हव्यात. वरच्या मजल्याचा लाकडी जिना अरुंद आणि उभा आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी तळमजल्याचीच खोली मागून घ्यावी. दुपारी तटाच्या आत वारा पडतो आणि वातानुकूलनाशिवाय बसवत नाही. शिवाय किल्ल्यातील उपाहारगृहांचे दर परदेशी पर्यटकांच्या खिशाकडे पाहून ठरलेले दिसतात. तेच जेवण तटाबाहेर, बसस्थानकाच्या परिसरात, पुष्कळ कमी पैशांत मिळते आणि चवीलाही कमी नसते.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना स्वतंत्रपणे करणे आवश्यक वाटते. श्रीलंकेत भाजी, आमटी आणि सांबोल यांतही सुकवलेल्या माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे. त्याला तेथे उंबलकडा म्हणतात. ‘भाजी आहे ना?’ असे विचारून भागत नाही, मासा घातला आहे का, हे थेट विचारावे लागते. घरगुती निवासात राहिल्याचा सर्वांत मोठा लाभ मला येथेच दिसला, कारण स्वयंपाकघर समोर असते आणि एकदा सांगितलेले लक्षात राहते.

आता समुद्राविषयी. किल्ल्याच्या पायथ्याशी खडक अधिक आणि वाळू थोडी. तेथे पाय भिजवावेत, पोहण्याचा हट्ट धरू नये. पोहण्यासाठी रिक्षाने उनवटुना गाठावे. अर्धवर्तुळाकार खाडी आणि पुढील प्रवाळ यांमुळे तेथील पाणी तुलनेने शांत असते आणि मुलांना सोडता येते. जवळच रुमस्सलाची टेकडी आहे. हनुमंताने उचलून आणलेल्या पर्वताचा एक तुकडा तेथे पडला, अशी स्थानिक श्रद्धा आहे. रिक्षा बहुतेक बजाजच्या, बस बहुतेक अशोक लेलँडच्या, वाहने डावीकडून चालणारी आणि घड्याळही भारताबरोबरचेच, त्यामुळे परकेपणा असा वाटत नाही. भाडे आधी ठरवावे किंवा पिकमी हे तेथील ॲप वापरावे. देवमासे पाहण्यासाठी मात्र गॉलचा मुक्काम गैरसोयीचा ठरतो. मिरिस्साच्या बंदरातून होड्या उजाडतानाच सुटतात, आणि सुमारे पस्तीस किलोमीटरचा रस्ता असल्याने अंधारातच निघावे लागते. एवढ्यासाठी तेथे एक रात्र काढणे अधिक शहाणपणाचे.

कोलंबोहून येताना द्रुतगती मार्ग वेळ वाचवतो, पण निदान एका बाजूचा प्रवास रेल्वेने करावा. कोलंबो फोर्ट स्थानकापासून गॉलपर्यंत सुमारे अडीच तास लागतात, लोहमार्ग कित्येक ठिकाणी लाटांच्या अगदी जवळून जातो, आणि येताना उजव्या बाजूची खिडकी मिळाल्यास समुद्राची साथ बराच वेळ टिकते.

हे सारे ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे ती म्हणजे महिना. दक्षिण किनाऱ्याचा खरा हंगाम डिसेंबर ते मार्च हा आहे. आपल्याकडे जूनमध्ये खानापूरच्या जंगलात कोसळणारा नैऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या या किनाऱ्यावर मे महिन्यातच पोहोचतो, आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तेथे जोरदार सरी येतात. म्हणजे दसऱ्याची सुट्टी असो वा दिवाळीची, दोन्ही बेभरवशाच्या. सीमाभागातील कुटुंबांची यात आणखी एक अडचण आहे. आपल्या मुलांच्या शाळांना कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उन्हाळी सुट्टी लागते, तर कोल्हापूर, गडहिंग्लजकडील पाहुण्यांच्या परीक्षा कधीकधी तेव्हा चालू असतात. आणि दोन्हीकडची मुले मोकळी होतात तेव्हा गॉलमध्ये ढग जमू लागलेले असतात. एप्रिलच्या मध्यास जावे म्हटले, तर 13 व 14 तारखेच्या आसपास सिंहली आणि तमिळ नववर्ष येते. त्या काळात अनेक दुकाने बंद असतात आणि गावी निघालेल्या लोकांमुळे बस व रेल्वेत उभे राहायलाही जागा मिळत नाही. नाताळच्या आठवड्यात हवा उत्तम, पण खोल्यांचे दर चढे. जानेवारीतील लांबलेला शनिवार-रविवार जोडून मुलांची थोडी शाळा बुडवणे, हा माझ्या मते सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे, शिक्षकांनी क्षमा करावी.

ज्यांना मे महिन्याशिवाय सुट्टीच नाही, त्यांनी गॉलचा हट्ट सोडून सरळ पूर्व किनारा निवडावा, कारण तेव्हा तेथील समुद्र शांत असतो. मुक्कामासाठी त्रिंकोमालीजवळचे उप्पुवेली घ्यावे. निलावेलीची वाळू अधिक मोकळी आहे हे खरे, परंतु उप्पुवेलीहून शहर, बाजार आणि उंच कड्यावरील कोणेश्वरम् हे शिवमंदिर रिक्षाच्या टप्प्यात राहते, आणि कबुतर बेटाकडे जाणाऱ्या होडीसाठी सकाळी निलावेलीपर्यंत जाणे काही कठीण नाही. कोलंबोहून तेथवरचा रस्ता मात्र सहा-सात तासांचा आहे. लहान मुले असतील तर वाटेत दंबुल्ल्याला रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किनारा गाठावा.