घर-दुकानासाठी बुलेटप्रूफ जाकीट: मऊ, स्टील, पॉलिइथिलीन की सिरॅमिक?

अमेरिकेत रात्री उशिरापर्यंत गॅस स्टेशन, मोटेल किंवा दारूचं दुकान चालवणाऱ्याला, किंवा पोलिसांची गाडी पोचायला वेळ लागेल अशा गावाबाहेरच्या घरात राहणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: बुलेटप्रूफ जाकीट घेऊन ठेवावं का, आणि घ्यायचं तर कोणतं? बाजारात शंभर डॉलरच्या आतल्या स्टीलच्या प्लेटपासून हजार-दीड हजारांच्या संचापर्यंत सगळं मिळतं. प्रत्येकजण आपलाच माल ‘सर्वोच्च संरक्षण’ म्हणून विकतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. काउंटरवर उभ्या असणाऱ्या माणसाने पहिले पैसे मऊ जाकिटावर घालावेत. घरात फक्त मध्यरात्री पटकन अंगावर चढवण्यासाठी काही हवं असेल तर सिरॅमिकच्या दोन प्लेट आणि साधं कॅरिअर, म्हणजे पुढे-मागे प्लेट बसवायचं बिनबाह्यांचं जाकीट, घ्यावं. स्टील स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. याची कारणं पुढे सविस्तर दिली आहेत, कारण ती न कळता केलेली खरेदी बहुतेकदा चुकते.

आधी गोळी ठरवा

जाकीट ‘बुलेटप्रूफ’ नसतं. ते ठरावीक गोळी, ठरावीक वेगापर्यंत अडवतं. पिस्तुलाची गोळी जाड, बोथट आणि तुलनेने हळू असते. रायफलची बारीक, टोकदार आणि दुप्पट-अडीचपट वेगाची. ९ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास जाते, तर ५.५६ मिलिमीटरची रायफलची गोळी ९५० ते ९९० मीटरने. पहिली मऊ जाकिटातल्या अ‍ॅरामिडच्या (केव्हलारसारख्या मजबूत कृत्रिम तंतूंच्या) विणीत अडकून चपटी होते, दुसरी त्याच विणीतून सरळ पार जाते. २६/११च्या रात्री हल्लेखोरांकडे एके-४७ धाटणीच्या रायफली होत्या. तिची ७.६२ बाय ३९ची गोळी कुठल्याही मऊ जाकिटाला झेपणारी नाही. तिला कडक प्लेटच लागते.

अमेरिकेत दरोडेखोराच्या हातात मात्र बहुतेक वेळा पिस्तूलच असतं. एफबीआयच्या आकडेवारीतही, हत्याराचा प्रकार नोंदला गेलेल्या खुनांमध्ये हँडगन रायफलच्या कितीतरी पट पुढे असते. म्हणूनच काउंटरसाठी मऊ जाकीट हे आमचं पहिलं उत्तर आहे.

हे दर्जे ठरवते न्याय खात्याची एनआयजे ही संस्था. २००८च्या मानकात २-ए, २, ३-ए, ३ आणि ४ असे दर्जे होते, लेबलवर ते रोमन अंकांत छापतात. नोव्हेंबर २०२३मध्ये नवं मानक आलं आणि नावं बदलली. पिस्तुलासाठी एचजी-१ (जुना २) आणि एचजी-२ (जुना ३-ए). रायफलसाठी आरएफ-१ (जुना ३), आरएफ-२ आणि आरएफ-३ (जुना ४). २-ए हा दर्जा काढूनच टाकला. दुकानात सध्या दोन्ही पद्धतींची लेबलं दिसतात, त्यामुळे ही जोडी पाठ असलेली बरी. ‘३ प्लस’ किंवा ‘३-ए प्लस’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तो एनआयजेचा दर्जा नाही, विकणाऱ्याने लावलेलं नाव आहे. तसं असेल तर नेमकी कोणती गोळी, किती वेगाने, कोणत्या प्रयोगशाळेत मारली याचा कागद मागा.

| | मऊ जाकीट (३-ए / एचजी-२) | स्टील प्लेट | पॉलिइथिलीन प्लेट (३ / आरएफ-१) | सिरॅमिक प्लेट (४ / आरएफ-३) |
|---|---|---|---|---|
| वजन | पूर्ण जाकीट २ ते २.५ किलो | एक प्लेट ३.५ किलो, लेप वेगळा | एक प्लेट १.४ ते १.८ किलो | एक प्लेट ३ ते ३.६ किलो |
| साधारण किंमत | ४०० ते ८०० डॉलर | प्रत्येकी ७० ते १२० | प्रत्येकी २०० ते ५०० | प्रत्येकी १३० ते २०० |
| कुठे हरते | रायफल, टोकदार सुरा | अतिवेगवान ५.५६; गोळीच्या ठिकऱ्या | पोलादी टोकाची ५.५६, उष्णता | त्याच जागी दुसरी गोळी, पडून गेलेला तडा |

स्टील आणि पॉलिइथिलीन: दोघांची उलटी दुखणी

तक्त्यातली शेवटची ओळ नीट वाचा, सगळी निवड तिथेच आहे. ५.५६च्या दोन गोळ्या बाजारात सर्रास मिळतात. एक एम-१९३, आतून नुसतं शिसं, पण वेग जास्त. दुसरी एम-८५५, टोकाला हिरवा रंग आणि आत पोलादाचा छोटा शंकू, वेग थोडा कमी. स्टीलची पाव इंची प्लेट हिरव्या टोकाची गोळी सहसा अडवते, पण लांब नळीच्या रायफलमधून जवळून मारलेली एम-१९३ तिला भोक पाडू शकते, कारण स्टीलला वेग मारतो. पॉलिइथिलीनचं, म्हणजे प्लास्टिकच्या तंतूंचे थर दाबून केलेल्या प्लेटचं, नेमकं उलट आहे. वेगवान शिशाची गोळी ते थर सुटे होत होत गिळून टाकतं. पोलादी टोक मात्र तंतू कापत पार जातं. नव्या मानकात आरएफ-२ हा दर्जा घातला तो याचसाठी: आरएफ-१च्या सगळ्या गोळ्या आणि शिवाय एम-८५५. समोरचा माणूस कोणती गोळी भरून येईल हे तुम्हाला ठरवता येत नाही, म्हणून या दोघांपैकी एकावर भरवसा टाकणं आम्हाला पटत नाही.

स्टीलची दुसरी अडचण याहून वाईट आहे. गोळी स्टीलवर फुटली की शिशाच्या आणि तांब्याच्या ठिकऱ्या प्लेटच्या पृष्ठभागाला लागून चहूकडे उडतात: वर हनुवटी आणि गळ्याकडे, बाजूला दंडांकडे, खाली मांड्यांकडे. म्हणजे छातीवर अडलेली गोळी गळ्याची रक्तवाहिनी कापू शकते. यावर उपाय म्हणून प्लेटवर रबरासारखा जाड लेप देतात. तो पहिल्या गोळीच्या ठिकऱ्या बऱ्याच पकडतो, पण त्या जागी फाटतो, आणि पुढची गोळी जवळपास लागली तर तिला उघडं स्टील मिळतं. लेप धरून एक प्लेट चार किलोच्या पुढे जाते, म्हणजे पुढची-मागची मिळून आठ किलोंहून अधिक. ‘स्टील वीस वर्षं टिकतं’ हे खरं आहे. पण तुम्ही विकत घेताय ते टिकाऊपण नाही, गोळी लागल्यानंतरचा अर्धा सेकंद आहे.

पॉलिइथिलीन हलकं आहे आणि पाण्यात तरंगतंही, पण त्याला उष्णता सोसत नाही. ते दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, आणि थर एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद त्याच्या बरीच आधी कमी व्हायला लागते. टेक्सास किंवा अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ही प्लेट ठेवायची नाही.

सिरॅमिक कसं काम करतं

सिरॅमिक प्लेटमध्ये पुढे अ‍ॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइडचा थर असतो आणि मागे अ‍ॅरामिड किंवा पॉलिइथिलीनचा आधार. गोळीचं कठीण टोक सिरॅमिकवर आपटून फुटतं, सिरॅमिकही तिथे भुगा होतं, आणि उरलेले तुकडे मागचा थर धरून ठेवतो. स्वस्त प्लेट अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणून जड. कार्बाइडच्या हलक्या असतात, पण किंमत दुप्पट-तिप्पट होते. घरात दहा मिनिटं घालायच्या प्लेटसाठी ते जास्तीचे पैसे देण्याची गरज नाही.

दर्जा ४ची चाचणी .३०-०६ या रायफलच्या चिलखतभेदी गोळीची असते, सेकंदाला ८७८ मीटर. पण २००८च्या मानकात ती एका प्लेटवर एकच गोळी मारून घेतात, दर्जा ३च्या प्लेटवर सहा. म्हणजे ४ आकडा मोठा असला तरी ‘कितीही गोळ्या’ असा त्याचा अर्थ नाही. साध्या रायफलच्या गोळ्या चांगल्या प्लेटवर अनेक थांबतात, फक्त त्याच फुटलेल्या जागी परत लागू नयेत.

एक शब्द लेबलवर जरूर शोधा: ‘स्टँड अलोन’ की ‘इन कंजंक्शन विथ’. दुसऱ्या प्रकारची प्लेट मागे मऊ पॅनेल असेल तरच तिचा दर्जा पाळते. ती नुसत्या कॅरिअरमध्ये घालून चालत नाही. स्वस्त सरप्लस (सैन्याने किंवा पोलिसांनी काढून टाकलेल्या) प्लेट बऱ्याचदा याच असतात आणि विकणारा ते सांगत नाही.

मऊ जाकीट: मापात सगळं आहे

मऊ जाकिटाचं पॅनेल पाच ते आठ मिलिमीटर जाड असतं आणि शर्टाखाली झाकतं. एचजी-२ हे ९ मिलिमीटर आणि .४४ मॅग्नम दोन्ही अडवतं. कमी वजनासाठी एचजी-१ घेतलं तरी नेहमीच्या पिस्तुलांना ते पुरतं. रोज आठ-दहा तास काउंटरवर घालायचं असेल तर घालून सोसेल असं एचजी-१ हे खुंटीला टांगलेल्या एचजी-२पेक्षा बरं.

माप घेताना छातीचा घेर शर्टावरून घ्या, आणि लांबी बसून घ्या, उभ्याने नाही. गळ्याखालच्या खळग्याच्या दोन बोटं खालून सुरू करून पट्ट्याच्या दोन-तीन बोटं वर जाकीट संपलं पाहिजे. लांब जाकीट स्टुलावर बसलं की वर सरकतं, गळ्याला टोचतं, आणि आठवड्याभरात माणूस ते काढून ठेवतो. बाजूंना पुढचं पॅनेल मागच्यावर दोनेक इंच चढलेलं हवं, कारण काखेखालची फट ही सर्वांत घातक जागा. बायकांनी पुरुषी सपाट पॅनेल घेऊ नये. ते छातीवरून उचललं जातं आणि काखेपाशी उघडं पडतं. बायकांसाठी बेतलेली पॅनेल वेगळी मिळतात.

सुऱ्याचा धोका असेल तर तो वेगळा विषय आहे. अ‍ॅरामिड गोळी अडवतं, पण टोकदार सुरा किंवा बर्फ फोडायचा टोचा विणीच्या धाग्यांमधून वाट काढतो. त्यासाठी एनआयजेचं स्वतंत्र मानक आहे, आणि दोन्हींसाठी तपासलेलं जाकीट जाड आणि महाग पडतं.

शाळेच्या दप्तरात घालायची ‘बुलेटप्रूफ’ पॅनेल ३-ए म्हणून विकतात. एनआयजे दप्तरं प्रमाणित करतच नाही, फक्त अंगावरची जाकिटं आणि प्लेट करते.

प्लेटचं माप आणि बसवणं

प्लेट पूर्ण धड झाकण्यासाठी नसते. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसांचा वरचा भाग झाकला की तिचं काम झालं. वरची कड गळ्याखालच्या खळग्याशी आली पाहिजे. बहुतेकजण ती पोटापर्यंत लोंबती घालतात, मग हृदयाचा वरचा भाग उघडाच राहतो. रुंदी स्तनाग्रांपासून स्तनाग्रांपर्यंत. १० बाय १२ इंचांची प्लेट मध्यम बांध्याला चालते. लहान बांध्यासाठी ८.७५ बाय ११.७५ची ‘स्मॉल’ घ्या. कॅरिअर त्याच मापाचं हवं, नाहीतर प्लेट आत खुळखुळते. एकाच दिशेने वाकवलेली प्लेट स्वस्त असते, दोन्ही दिशांनी वाकवलेली अंगाला नीट बसते. शक्य असेल तर दुसरी.

‘स्ट्राइक फेस’ लिहिलेली बाजू बाहेर. सिरॅमिक उलटी घातली की तिचा दर्जा संपला.

पैसे देण्याआधी

‘एनआयजेनुसार तपासलेली’ आणि ‘एनआयजेने प्रमाणित’ यांत मोठा फरक आहे. प्रमाणित मॉडेलची यादी एनआयजेच्या संकेतस्थळावर असते. लेबलवरचा मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर तिथे जुळवा. लेबलवर निर्मितीची तारीख, लॉट आणि अनुक्रमांक हवाच. मऊ जाकिटाची हमी सहसा पाच वर्षांची असते. जुनं, घामेजलेलं, मालक माहीत नसलेलं जाकीट घेऊ नका. झायलॉनच्या जाकिटांवरून हा धडा सगळ्या जगाला मिळाला: ते तंतू उष्णता आणि ओलाव्याने कमकुवत होत होते, आणि २००३मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाचं जाकीट गोळीने भेदलं गेल्यानंतर तपास होऊन २००५मध्ये एनआयजेने झायलॉनला बाद ठरवलं. सरप्लसच्या ढिगात अशी जाकिटं दिसली तर हात लावू नका.

कायदाही बघा. हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला संघराज्य कायद्याने जाकीट बाळगता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०२२पासून ठरावीक पेशांखेरीज इतरांना विकत घेता येत नाही. कनेटिकटमध्ये समोरासमोरच विक्री होते, आणि ऑक्टोबर २०२३पासून परवानाही लागतो. भारतात कुणाला न्यायचं मनात असेल तर बॅगेत टाकून निघू नका: दर्जा ४च्या प्लेट अमेरिकेच्या लष्करी सामग्रीच्या निर्यात यादीत आहेत. भारतात यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७०५१:२०१८ हे वेगळं मानक आहे.

घरात ठेवताना

मऊ पॅनेल खोळीतून काढून ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत सपाट वाळवा. वॉशिंग मशीन, ब्लीच, ड्रायर नको. ऊन अ‍ॅरामिडला खातं. सिरॅमिक हातातून फरशीवर पडली तर दोन कोपरे धरून हलकं पिळा आणि कान लावा. आतून कुरकुर ऐकू आली तर ती बाद. आवाज आला नाही म्हणजे तडा नाही असं मात्र नाही. खात्री एक्स-रेनेच होते.

कॅरिअर पलंगाशेजारी, पट्टे सैल करून, डोक्यातून एका झटक्यात घालता येईल असं ठेवा. अंधारात पाच-सहा वेळा घालून बघा. वेल्क्रो दोन्ही बाजूंना न लागणं ही नेहमीची चूक. अमेरिकी घरांच्या आतल्या भिंती अर्ध्या इंची जिप्समच्या असतात आणि पिस्तुलाची गोळीही त्या ओलांडते, त्यामुळे जाकीट घातलं तरी मुलांना आधी घरातल्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात जमिनीवर झोपवा.

गोळी अडली तरी आघात आत पोचतो. चाचणीत जाकिटामागच्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो, म्हणजे बरगडी मोडणं किंवा फुप्फुसाला मार बसणं सहज शक्य आहे. जखम दिसत नसली तरी रुग्णालयात जायचंच. आणि ९११वर बोलताना पहिल्याच वाक्यांत सांगा की घरमालकाने जाकीट घातलं आहे, तो कोणत्या खोलीत आहे, कपड्यांचा रंग काय. पोलीस दारात आले की हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा.