वीस हजारांच्या आतला बायनॉक्युलर मायक्रोस्कोप: एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला पुरतो का?

पुरतो, पण ४एक्स, १०एक्स आणि ४०एक्स या ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्सच्या, कामाला. मायक्रोबायोलॉजीसारखं रोज १००एक्सवर बसायचं असेल, तर विभागाने थोडं थांबून चांगल्या कंडेन्सरचं (स्लाइडखालून उजेड एकवटणाऱ्या लेन्सचं) मॉडेल घ्यावं.

खोक्यावर ठळक अक्षरांत १५००एक्स छापलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला दुसरा आकडा वाचा: ०.१०, ०.२५, ०.६५, १.२५. हे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्स किती बारकावे सुटे दाखवते त्याचं माप. उपयोगी मॅग्निफिकेशन त्याच्या फार तर हजारपट, म्हणजे १.२५ ला १२५०. सोबतचा १५एक्स आयपीस (डोळ्याकडची लेन्स) लावला की चित्र मोठं होतं, नवीन काही दिसत नाही. ४०एक्सला साधारण अर्धा मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके सुटे दिसतात आणि १००एक्सला पाव मायक्रॉन, तेही लेन्स आणि स्लाइडच्या मध्ये तेल नीट लावलं तर.

१०एक्स या किमतीला खरोखर उत्तम आहे. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगाची तपासणी त्यावरच होते. पानावरच्या ताज्या डागाच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टाका, कंडेन्सर थोडा खाली घ्या आणि आयरिस (कंडेन्सरमधली लहानमोठी होणारी झडप) बंद करत आणा. कापलेल्या कडेतून धूर निघाल्यासारखे जिवाणू बाहेर येताना दिसतात. आयरिस पूर्ण उघडा ठेवला तर हा लोट प्रकाशात हरवतो आणि विद्यार्थी "काही नाही" असं लिहून मोकळे होतात. डाग जुना, वाळलेला असला तरी लोट दिसत नाही.

४०एक्सची परीक्षा कांद्याच्या मुळाच्या टोकावर घ्यावी. सोलापूरच्या बाजारात कांद्याची कमी नाही. ताजी टोकं सकाळी कापून अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात रात्रभर ठेवा. मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ८ मिनिटं, पाण्याने धुणं, २ टक्के अ‍ॅसिटोकार्मिनचा रंग, आणि कव्हरस्लिपवर अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा सरकला की पेशी चुरडतात. या मायक्रोस्कोपवर पेशीविभाजनाच्या मेटाफेज आणि अ‍ॅनाफेज अवस्था स्वच्छ ओळखू येतात. १६ गुणसूत्रं मोजायची तर १००एक्स हवाच. चित्र धुरकट आलं तर लेन्सला दोष देण्याआधी कव्हरस्लिप बघा. ४०एक्स ०.१७ मिलिमीटर जाडीसाठी घडवलेला असतो. एकमेकींना चिकटलेल्या दोन कव्हरस्लिपा नकळत लावल्या की फोकस जमतच नाही.

खरी कमजोरी कंडेन्सरची. आयपीस काढून नळीत डोकवा आणि आयरिस बंद करत न्या: उजेडाचं वर्तुळ मधोमध लहान व्हायला हवं. या किमतीच्या काही नगांत ते एका बाजूला सरकतं, आणि मध्यभागी आणायला स्क्रूच दिलेले नाहीत. परिणाम लगेच कळत नाही. हिप्परग्याच्या तलावातल्या पाण्यातले डायटम (कवचवाले सूक्ष्म शैवाल) बघायला घेतले की कळतो. त्यांच्या कवचावरच्या रेघा एका बाजूला दिसतात, दुसऱ्या बाजूला पुसट होतात. आयरिस नळीत दिसणाऱ्या वर्तुळाच्या साधारण दोन तृतीयांश उघडा ठेवावा. उजेड कमीजास्त करायला आयरिस वापरायची सवय पहिल्याच महिन्यात मोडायला हवी. त्यासाठी एलईडीचं बटण आहे.

एलईडी आणि चार्जिंगची बॅटरी ही मोठीच सोय, वीज गेली तरी प्रॅक्टिकल थांबत नाही. उजेड निळसर आहे, त्यामुळे अ‍ॅसिटोकार्मिनचा लाल रंग फोटोत जांभळट येतो. व्हाइट बॅलन्स कोऱ्या काचेवर लावून घ्यावा. उजेड अगदी मंद केला की मोबाइलच्या फोटोत आडवे पट्टे येतात. एलईडी त्या वेळी भराभर उघडझाप करत असतो.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) आपोआप खाली सरकू लागण्याची तक्रार येते. मोठ्या नॉबच्या मुळाशी असलेली ताणाची रिंग किंचित आवळली की बहुधा भागतं. धूळ हा आपल्याकडचा कायमचा शत्रू: आधी रबरी फुंकणीने उडवा, मगच लेन्स पेपर. रुमालाने पुसलेली लेन्स चरे घेऊनच परत येते.

१००एक्सचं तेल ४०एक्सला लागणं हा प्रयोगशाळेतला सर्वांत नेहमीचा अपघात. तेल लावल्यावर मागे ४०एक्सकडे फिरायचंच नाही. ४०एक्स कोरडा चालतो आणि स्लाइडपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असतो. तेल लागलंच तर लेन्स पेपरला इथर-अल्कोहोलचा एक थेंब पुरे. झायलॉल ओतू नका, लेन्स चिकटवणारा थर सैल होतो.

घेताना दुकानाची नमुना स्लाइड बघून हो म्हणू नका, आपली स्वतःची न्या. कंडेन्सरची तपासणी प्रत्येक नगावर करा, एक बघून दहा उचलू नका. आयपीसमधली मोजपट्टी आणि १ मिलिमीटरचे १०० भाग असलेला स्टेज मायक्रोमीटर कोटेशनमध्येच लिहून घ्या. मोजमाप प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं करावं लागतं, आणि ते दोन्ही नसतील तर पेशीची लांबी वहीत अंदाजानेच लिहिली जाते.