काच, पॉलिमरची गादी की जायंट व्हेसिकल? मेम्ब्रेन फ्युजनचा प्रयोग नक्की कशावर लावायचा

पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असाल आणि गाईडनी "सपोर्टेड बायलेयरवर फ्युजन बघ" एवढंच सांगून सोडलं असेल, तर पहिला प्रश्न हाच की सपोर्ट कसला घ्यायचा. (सपोर्टेड बायलेयर म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पसरलेली लिपिडची दोन थरांची मेम्ब्रेन, आणि फ्युजन म्हणजे दोन मेम्ब्रेन मिसळून एक होणं.) बरेच जण सोपी म्हणून सरळ काच घेतात. कधीकधी ते बरोबरही असतं, पण फ्युजनच्या बाबतीत खालचा सपोर्ट रिझल्ट बदलतो, हे आधी डोक्यात पक्कं करा.

काचेची गोष्ट १९८४-८५ ची, स्टॅनफर्डला मॅककॉनेल यांच्या ग्रुपची. स्वच्छ काचेवर छोट्या लिपिड व्हेसिकल (लिपिडच्या पोकळ पिशव्या) सोडल्या की त्या चिकटतात, फुटतात आणि पसरून सलग बायलेयर बनतो. स्वस्त आहे, तासाभरात होतं, टर्फ मायक्रोस्कोपखाली (यात काचेलगतचा पातळ थरच उजळतो) झकास दिसतं आणि लिपिड सेकंदाला काही चौरस मायक्रोमीटर फिरतात, म्हणजे फ्रॅपचा (लेसरनी एक ठिपका विझवून तो किती लवकर परत उजळतो ते बघायचं) कर्व्ह बघून मन प्रसन्न होतं. अडचण खाली आहे. काच आणि मेम्ब्रेनमध्ये पाण्याचा थर जेमतेम १-२ नॅनोमीटर, त्यामुळे आरपार जाणाऱ्या प्रोटीनचा खालचा भाग काचेला घासतो आणि प्रोटीन तिथेच अडकून बसतं. लिपिड हलतायत म्हणून प्रोटीनही हलत असेल असं धरून चालू नका, दोघांचं फ्रॅप वेगवेगळं करा.

दुसरी गोष्ट लोक कमी बोलतात. काच मेम्ब्रेनला घट्ट धरून ठेवते, तिची नैसर्गिक थरथर दाबून टाकते, आणि फ्युजनसाठी तर मेम्ब्रेनला वाकावं लागतं, आतलं पाणी सरकावं लागतं. शिवाय बायलेयरमध्ये भोकं किंवा उघड्या कडा राहिल्या की व्हेसिकल तिथे चिकटून फुटते आणि आपण ते फ्युजन म्हणून मोजून मोकळे होतो. व्हेसिकलच्या आतला डाय खाली पसरतोय का हे बघायचं म्हटलं तर खाली जागाच नाही, त्यामुळे खरं फ्युजन, नुसतं लिपिड मिसळणं आणि फुटणं हे तिन्ही वेगळं काढणं फार अवघड जातं.

आता मऊ सपोर्ट. पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), डेक्सट्रान, सेल्युलोज अशा पॉलिमरपैकी काहीतरी मध्ये घालून मेम्ब्रेन वर उचलायची. टॅम यांच्या लॅबनी एका टोकाला लिपिड आणि दुसऱ्या टोकाला सिलेन (काचेला जोडलं जाणारं रसायन) असलेली पेगची साखळी वापरली, तिने फट साधारण ४ नॅनोमीटर होते आणि सिंटॅक्सिनसारखं आरपार प्रोटीन खरंच फिरायला लागतं. फरक किती पडतो त्याचं माझं आवडतं उदाहरण स्नेअर प्रोटीनचं, म्हणजे पेशीत फ्युजन घडवणाऱ्या प्रोटीनचं: खालच्या मेम्ब्रेनवर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५, व्हेसिकलवर सिनॅप्टोब्रेविन (व्ही-स्नेअर). काचेवरच्या काही जुन्या प्रयोगांत स्नॅप-२५ नसतानाही फ्युजन होत होतं, जे पेशीत चालणारच नाही. २०१० मध्ये कराटेकिन, रोथमन आणि सहकाऱ्यांनी पेगवाल्या बायलेयरवर तोच प्रकार केला तर स्नॅप-२५ लागायला लागलं, आणि व्हेसिकलवर ५ ते १० व्ही-स्नेअर नसतील तर वेग एकदम पडला. इन्फ्लुएन्झासाठी हॅरिसन आणि व्हॅन ओयेन यांच्या २००८ च्या कामातही एकेक विषाणू बघायला डेक्सट्रानवरचीच मेम्ब्रेन होती.

पण मऊ म्हणजे फ्युजन जास्त, असं समजू नका. मोकळी मेम्ब्रेन थरथरते तेव्हा ती समोरच्या मेम्ब्रेनला थोडी दूरही ढकलते, त्यामुळे आकडा कमीही येऊ शकतो. मला हाच फायदा वाटतो, कारण जे उरतं ते प्रोटीनमुळे झालेलं असण्याची शक्यता जास्त.

त्रासही आहेच. पेग किंवा डेक्सट्रानवर व्हेसिकल आपणहून नीट फुटत नाहीत, म्हणून बरेचदा पहिला थर लँगम्युअर ट्रफवर (पाण्यावर लिपिडचा एकेरी थर पसरायचं भांडं) ओढून वरचा व्हेसिकलनी पूर्ण करतात. पेग-लिपिड नुसतं व्हेसिकलमध्ये मिसळून टाकलं तर ते वरच्या बाजूलाही येतं आणि येणाऱ्या व्हेसिकललाच अडवतं, तेव्हा प्रमाण कमीच ठेवा. सिलेन ओलाव्याला फार नाजूक, मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाटली उघडी टाकू नका. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडसारखी जेल हवी तितकी मऊ करता येते, पण तिच्यावर सलग बायलेयर मिळवणं हेच वेगळं प्रोजेक्ट होऊन बसतं, सुरुवातीला नको.

जायंट व्हेसिकलला (कित्येक मायक्रोमीटरची मोठी व्हेसिकल) सपोर्टच नसतो, मायक्रोपिपेटनी ताण हवा तसा ठेवता येतो, मेम्ब्रेनच्या मेकॅनिक्सचा प्रश्न असेल तर तीच घ्या. एकेक फ्युजन मिलिसेकंदात मोजायचं असेल तर मात्र ती गोल आणि हलती, टर्फला गैरसोयीची.

मी काय घेईन? नुसतं लिपिड, किंवा वरून चिकटणारं प्रोटीन, किंवा फक्त डॉकिंग (व्हेसिकलचं नुसतं येऊन चिकटणं) असेल तर काच, उगाच महिने घालवू नका. आरपार प्रोटीन आणि खरं फ्युजन असेल तर पेगची गादी, ट्रफ दुसऱ्या लॅबमध्ये मागायला लागला तरी. आणि स्नेअर वापरत असाल तर दोन्हीकडे एक कंट्रोल पहिल्याच आठवड्यात लावा: व्हेसिकल सोडायच्या आधी सिनॅप्टोब्रेविनचा विरघळणारा तुकडा घालायचा, खालचे स्नेअर अडतात, फ्युजन थांबायला हवं. काचेवर ते थांबलं नाही तर डेटा पुढे गोळा न करता तिथेच सपोर्ट बदला.