पिवळा टँग: दहा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मासेटाकीतल्या लाइव्ह रॉकला, म्हणजे सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडांना, अक्षरशः शेवाळाची दाढी आली होती. पाच फुटी टाकी, पाचशे लिटरच्या आसपास पाणी, आणि मी दर रविवारी कोपरापर्यंत हात बुडवून जुन्या टूथब्रशने शेवाळ खरवडत बसायचो. बुधवारपर्यंत परत जैसे थे. शेवटी पिवळा टँग आणला, शेवाळ खाणारा समुद्री मासा. त्या पैशांत बरा मोबाइल आला असता. बाजारात येणारे हे मासे पूर्वी बहुतेक हवाई बेटांच्या कोना किनाऱ्यावरचे असायचे. तिथली व्यावसायिक पकड २०१७च्या न्यायालयीन निकालानंतर थांबली आणि भाव चढले. २०१५ साली हवाईतच त्याची टाकीत पैदास जमली होती. माझाही टाकीतच जन्मलेला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) खायला लागला.

त्याचं तोंड चिमट्यासारखं पुढे आलेलं. ते दगडाला टेकवायचं, मान झटकायची, की शेवाळाचा झुपका तोंडात. दिवसभर हेच, कुंपणाशी चरणाऱ्या बकरीसारखं. तीन आठवड्यांत समोरचे दगड स्वच्छ. मात्र बोटभर वाढलेल्या शेवाळाकडे तो बघतही नव्हता. ते आधी मीच उपटून आखूड करून दिलं. पिसासारख्या ब्रायोप्सिस शेवाळाला आणि सायनोच्या (सायनोबॅक्टेरियाच्या) लाल थराला त्याने आजतागायत तोंड लावलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात पहाटे दिवा लावला तर मासा फिकट, मळकट, अंगावर आडवा पांढरा पट्टा. गेला, असंच वाटलं! नंतर कळलं, हा त्याचा झोपेतला रंग. अर्ध्या तासात पुन्हा लिंबासारखा पिवळा.

चौथ्या महिन्यात मी माती खाल्ली. एक छोटा क्रोमिस मासा क्वारंटाइन न करता सोडला. दहा दिवसांत टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा माशांचा रोग. टँगना हा रोग फार लवकर धरतो. औषध तांब्याचं, ते मुख्य टाकीत टाकलं तर कोरल आणि कोळंबी मरणार. म्हणून सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत, आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना, म्हणजे मासा न मिळाल्याने तिथला परजीवी मरतो. पकडताना अर्धे दगड उपसावे लागले. त्यात टँगच्या शेपटीजवळचा पांढरा काटा जाळ्यात अडकला, सोडवताना माझ्या अंगठ्यावर ब्लेडने ओढल्यासारखी रेघ उमटली. आता जाळं वापरत नाही, प्लास्टिकच्या डब्याने काढतो.

या ७६ दिवसांनी एक गोष्ट दाखवली. टाकीत मासे नाहीत, वरून खाणं नाही, तरी महिन्याभरात शेवाळ परत आलं. शेवाळ ज्यावर पोसतं ते फॉस्फेट दगडांतच मुरलेलं होतं. म्हणजे आधीचे तीन महिने टँग फक्त वरचं वर कापत होता, मूळ कारण जागच्या जागी. उलट तो भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो. आता जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) लावलाय, पाणी बदलण्यात चालढकल बंद केलीय, आणि परतल्यावर टँगचं काम बरंच हलकं झालंय.

शेवाळ कमी झालं तशी त्याची पोटाची सोय मला करावी लागते. रोज सकाळी बिनमिठाची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद) क्लिपला लावतो, सुशीवालीच, फक्त मसाला नसलेली. एकदा चार दिवस गावाला गेलो, शेजाऱ्याने फक्त पेलेट्स टाकले, तर परत आल्यावर पोट आत गेलेलं दिसलं.

स्वभाव? कोरलना त्रास नाही. पण नंतर आणलेल्या टोमिनी टँगला (टँगचीच दुसरी जात) त्याने दोन दिवस काटा दाखवत पळवलं. काचेला बाहेरून आरसा चिकटवला, तर स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसला आणि टोमिनीला जागा मिळाली.

चार फुटांखालची टाकी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, पूर्ण वाढ वीस सेंटीमीटरपर्यंत होते आणि त्याला सरळ रेषेत पोहायला लागतं. टूथब्रश मी अजून टाकलेला नाही. रविवारी पाच मिनिटं, ब्रायोप्सिसपुरता.